नसलेल्या लेथवर टेकलेलं कोपर

आधीच कबूल करतो, मी त्या चष्म्यांच्या विरोधात होतो. थोडाथोडका नव्हे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन, टेबलावर हात आपटून, "साहेब, मला जॉब धरायचे चार नवे व्हाइस द्या, वर्षभराची टूल्स द्या. मुलांच्या डोळ्यांवर ही डबडी कसली बांधताय?" असं विचारून आलो होतो. साहेब नुसते हसले. ते हसले की समजायचं, ऑर्डर गेलेली आहे.

मी रत्नागिरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ शिकवतोय. लेथ म्हणजे लोखंडाचा दांडा पकडून गरगर फिरवायचा आणि त्याला टूल लावून हवा तसा सोलायचा. एवढंच. पण एवढंच म्हणता म्हणता माणसाचा जन्म जातो. मुलं मला सर म्हणतात, तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज मोठा आणि जीभ त्याहून लांब. वर्कशॉपमध्ये मशीनच्या वरताण ओरडावं लागतं, ही सबब मी तीस वर्षं वापरली. घरी तर मशीन नाही, तरी ओरडतोच.

चष्मे आले ते जुन्या ड्रॉइंग हॉलमध्ये ठेवले. डोक्याला बांधायचे, काळे, जाड, मागून वायर लोंबणारे, आणि जोडीला दोन्ही हातांत धरायला एकेक मूठ. डोळ्यांवर चढवलं की म्हणे समोर अख्खा कारखाना उभा राहतो, आणि मुठीची बटणं दाबून तिथलं मशीन चालवता येतं. भिंतीवर एक मोठा टीव्ही लावला होता. आतल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्यांना त्यावर दिसायचं. हे सगळं सांभाळायला एक तरुण प्राध्यापक होते, माझ्या मुलाच्या वयाचे. बोलायला मऊ, पण ऐकून घेणारे नव्हेत.

"बोलाचीच कढी नि बोलाचाच भात," मी म्हटलं. "पाण्यात पडल्याशिवाय कुणाला पोहता येतं काय?"

"बुडून मेल्यावरही येत नाही, सर," ते म्हणाले.

मला राग आला. जाताना हॉलचं दार आपटून गेलो.

खरं तर ते चष्मे का हवेत हे मलाही कळत होतं. आमच्या मुलांनी मोठा कारखाना बघायचा म्हणजे वर्षातून एकदा बस करून पुण्याकडे जायचं. आंबा घाटात अर्धी बस ओकते. तिथे पोचलं की पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं राहायचं, काचेतून लांबूनच काहीतरी हललेलं बघायचं, कशाला हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. शेवटी चहा-बिस्किट आणि परत. एका पोराला मी परतीच्या वाटेत विचारलं, काय बघितलंस रे? तो म्हणाला, "सर, एसी लय भारी होता." आणि मी त्याच्यावर ओरडलो, पण मी तरी वेगळं काय बघितलं होतं? आयटीआय झाल्यावर एमआयडीसीतल्या एका लहान शेडमध्ये पंपाचे दांडे कापायचो, तिथून थेट इथे. आजचा कारखाना आतून कसा असतो हे शिकवणाऱ्यालाच माहीत नव्हतं. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

आता त्या मुलीचं सांगतो. तिच्यासाठीच तर लिहायला बसलोय.

मुलगी मिरकरवाड्याची, म्हणजे रत्नागिरीच्या मासळी बंदरावरची. वडील मच्छीमारी लाँचवर तांडेल, म्हणजे लाँच त्यांच्या हुकमावर चालते. आई जेटीवर लिलावात मासळी घेते आणि बाजारात पाटी मांडून विकते. घरातून इंजिनिअरिंगपर्यंत आलेली ही पहिलीच. हुशार, हाताला उरक, आणि माझ्यासमोर न घाबरता उभी राहणारी. असली मुलं मला आवडतात, पण आवडलं असं सांगायची आमच्या वर्कशॉपमध्ये पद्धत नाही.

लेथला दांडा पकडणारा एक जबडा असतो, त्याला चक म्हणतात. तो आवळायला वीतभर लांबीची, टी आकाराची चावी असते. आवळून झालं की चावी काढायची, मग बटण दाबायचं. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य मी हेच शिकवतो. चावी तशीच ठेवून बटण दाबलं तर ती गोळीसारखी सुटते.

गेल्या सत्रातली गोष्ट. मागे पोरांची रांग, वीज जायची भीती, आणि मी नेहमीप्रमाणे मशीनच्या डोक्यावर कोपर टेकून, चकवर वाकून उभा. ती चक आवळत होती. "चल गो, आटप, आटप! बटण दाबायला मुहूर्त बघायचाय काय?" मी ओरडलो. तिने दाबलं. चावी चकमध्येच होती.

ती माझ्या डाव्या भुवईवर बसली. सात टाके. डोळा एका बोटाच्या अंतराने वाचला. पण त्याआधी, म्हणजे रक्त हनुवटीवरून गळत असताना, अख्ख्या बॅचसमोर मी तिला काय म्हणालो ते ऐका. "इथे कशाला आलीस गो तू? जा, आईच्या पाटीशी बसून मासळी विक! तिथे चुकलं तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नव्हे.

त्या दिवसापासून तिने लेथभोवतीचा पिवळा पट्टा ओलांडला नाही. वर्गात यायची, वही लिहायची, परीक्षेत मार्क मिळवायची. वर्कशॉपमध्ये मात्र पट्ट्याच्या बाहेर उभी. हात पाठीमागे बांधलेले. तिचा एक जॉब राहिला होता, पायऱ्यापायऱ्यांचा एक दांडा, एका टोकाला आटे पाडलेला. तो स्वतःच्या हाताने, खऱ्या लेथवर केल्याशिवाय टर्म मिळणार नव्हती. कॉलेजने ह्या सत्राच्या शेवटापर्यंत मुदत दिली. नाही झाला तर वर्ष बुडालं.

आणि वर्ष बुडालं तर काय, तेही मला कळलं. एक दिवस तिची आई वर्कशॉपच्या दारात आली. हातात पिशवी. "मास्तर, पोरीच्या हातनं तुमाला लागलंन. चूक झाली," म्हणाली, आणि पिशवी पुढे केली. आत सुरमई. "तिच्या बाबांनी सांगितलंनी, मशीनला हातच लावायचा नाय तर शिकायचं कशाला? ह्या खेपेला नाय झालं तर कॉलेज बंद." मुलीने घरी आपली चूक सांगितली होती. माझे शब्द सांगितले नव्हते. ती सुरमई रात्री माझ्या ताटात आली, पण मी ती नुसती चिवडत बसलो. बायको म्हणाली, मीठ कमी पडलंय काय? मी म्हटलं, मीठ बरोबर आहे.

तर ते चष्मे. तरुण सरांनी त्या मुलीच्या बॅचला ड्रॉइंग हॉलमध्ये बोलावलं. मीही गेलो, नावं ठेवायची तर आधी बघायला पाहिजे म्हणून. "आधी तुम्ही घाला, सर," ते म्हणाले. पोरांसमोर नाही कसं म्हणणार?

घातलं. आणि समोर लेथ उभा. आमच्यासारखाच, नवा कोरा, तेल पुसून ठेवलेला. चक, टूल, हँडल, सगळं जिथल्या तिथे. मी मान वाकवली तर खालची टाकी दिसली. मागे वळलो तर मागची भिंत. वाईट नाही, असं मनात म्हटलं, आणि तीस वर्षं जे करत आलो तेच केलं. मशीनच्या डोक्यावर आरामात कोपर टेकलं.

मशीन नव्हतंच तिथे! मी जो आडवा झालो तो थेट फरशीवर. चष्मा तिरका, एक मूठ टेबलाखाली. मी पडल्यावर हसायचं की नाही हे पोरांना ठरवता येईना. मग कोपऱ्यातून एक हसू फुटलं, खळखळून, आवरायचा प्रयत्न करूनही न आवरणारं. तीच होती. सबंध सत्रात तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. कोपर सोलवटलं होतं, पण सांगतो, इतकं बरं वाटलं मला!

"सर, पुढच्या दालनात जा," तरुण सरांनी मला उभं केलं. "आणि कशाला टेकू नका."

समोर दार उघडलं. मी पाऊल टाकलं आणि जिथे होतो तिथेच थांबलो.

अहो, काय सांगू! मिरकरवाड्याची अख्खी जेटी आत मावेल एवढी शेड. माणूस एकही नाही. दोन्ही बाजूंना पिवळे रोबोट, माझ्या दुप्पट उंचीचे, नुसता खांद्यापासूनचा हातच म्हणा ना. एक हात वळून तुकडा उचलतो, दुसऱ्याला देतो, दुसरा तो मशीनच्या पोटात ठेवतो, मशीन आपलं दार आपण लावून घेतं. जमिनीवरून माल भरलेल्या गाड्या येत होत्या, चालवणारा कुणी नाही. मी वाटेत उभा राहिलो तर गाडी माझ्यासमोर थांबली. बाजूला झालो, तर गेली. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. एवढं काम, आणि एकही शिवी नाही! मी गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखा गप्प झालो.

एका मशीनमध्ये जहाजाचा पंखा कापला जात होता. आमच्याकडे लाँचचा पंखा ओतून घेतात आणि मग घासत बसतात. इथे धातूच्या अख्ख्या ओंडक्यातून तो निघत होता. टूल फिरतंय, जॉब फिरतोय, दोघेही कलतायत, वळतायत, आणि मधून पात्याचा तो बाक उमलत चाललाय. मी काचेला नाक लावून बघत होतो. म्हणजे लावल्यासारखं.

"आत डोकं घाला, सर," तरुण सरांचा आवाज आला.

"काय?"

"घाला डोकं. काही होत नाही."

तीस वर्षं मी पोरांना ओरडलोय, डोकं मागे घे, केस बांध, बाही वर कर. तिथे बोट जाऊ दिलेलं नाही कुणाचं. आणि तिथे मी डोकं घातलं. काच ओलांडली. गार पाण्याचा फवारा तोंडावर आला आणि तोंड भिजलं नाही. टूलचं टोक माझ्या नाकासमोर वीतभर. सरांनी वेळ सावकाश केला. तसं एक बटणच होतं. आणि मला दिसलं. टूल पुढे सरकतं तसा धातू आधी जरा फुगतो, मग सरकतो, थर थरावर चढतो, आणि त्याची सुरळी होऊन ती निळी पडत लांब जाते. हे चित्र मी तीस वर्षं फळ्यावर काढलं. बाण काढले, कोन काढले, पोरांकडून पाठ करून घेतलं. बघितलं मात्र कधीच नव्हतं! बघणार कसं? फवारा, वेग, आणि जवळ गेलं तर डोळा जाईल. माझ्या हाताखालून आयुष्यभर जे घडत होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात नेला तर तो डबड्यावर आपटला.

"कसं वाटलं?" बाहेर आल्यावर सरांनी विचारलं.

"वायर लांब पाहिजे होती," मी म्हटलं. 

मग पोरांची रांग लागली. ती मुलगी शेवटची. चष्मा घातल्यावर आधी लेथचं दालन. तिथेही जमिनीवर पिवळा पट्टा होता. टीव्हीवर आम्हाला दिसत होतं, ती पट्ट्यापाशी येऊन थांबली. बराच वेळ. मग बहुधा तिच्या मनाने घेतलं असावं की इथे खरं काहीच नाही, आणि तिने तो ओलांडला. जॉब लावला, चक आवळला, चावी काढून खुंटीला अडकवली. बटणाजवळ हात नेला आणि एकदम दोन्ही हात वर करून खणखणीत ओरडली, "हात वर!"

पोरं हसली. तिने चष्म्याआडूनच ओशाळून हात खाली घेतले.

"हे काय गो?" मी विचारलं. ह्या वेळी हळू.

"सवय, सर. लहानपणी बाबांबरोबर लाँचवर जायची ना." मग तिने सांगितलं. जाळं ओढायला लाँचवर विंच असते, दोर गुंडाळणारं रहाट. एकदा खलाशी दोर सारखा करत असताना कुणीतरी विंच सुरू केली. दोरात हात होता तो तिच्या वडिलांचा. दोन बोटं गेली. तेव्हापासून त्यांच्या लाँचवर विंच सुरू करण्याआधी तांडेल 'हात वर' असं ओरडतो, सगळे दोन्ही हात वर करतात, तांडेल हात मोजतो आणि मगच चालू. "एक हात जरी कमी भरला ना सर, तरी बाबा विंच लावत नाहीत. मासळी गेली तर गेली."

तिथे चुकलं तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही, असं मी म्हणालो होतो. मला तोंडात मारल्यासारखं झालं. अक्कल शिकवायला निघालो होतो कुणाला, तर दोन बोटं देऊन शिकलेल्या माणसाच्या पोरीला.

त्यानंतर ती रोज मधल्या सुट्टीत येऊ लागली. मीही जायचो. सांगायचो की चष्मे मोजायला जातो. खरं म्हणजे तो पंखा बघायला. एक दिवस मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा ती आत होती आणि टीव्ही चालू होता. ती लेथच्या दालनात होती. तिने चक आवळला, आणि चावी तशीच ठेवली. मुद्दाम. बटण दाबलं. चावी सुटली, भिंतीवर आपटली. तिने सगळं परत पहिल्यासारखं केलं. परत चावी ठेवली, परत बटण. किती वेळा केलं असेल कोण जाणे. मग तिने वेळ सावकाश करून घेतला, बटण दाबलं, आणि चालत चालत मशीनच्या डोक्यापाशी गेली. जिथे मी उभा होतो, बरोब्बर तिथे. थोडी वाकली. माझ्यासारखीच. आणि ती चावी फिरत फिरत, सावकाश, तिच्याकडे येऊ लागली. टीव्हीभर चावीच चावी. ती हलली नाही. चावी तिच्या डाव्या भुवईतून आरपार गेली.

 स्टूल ओढून बसलो. इतके महिने ही पोर मनात काय घेऊन फिरत होती!

आणि तेव्हाच मला ते दिसलं. तिने मान खाली घातली तशी टीव्हीवर जमीन आली, आणि ती उभी होती तिथे, तिच्या पायांखाली, जाड लाल पट्टा होता. त्यावर लिहिलेलं, इथे उभे राहू नये. चक फिरतो त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हा नियम मीच शिकवतो. आणि तीस वर्षं तिथेच कोपर टेकून उभा राहतो मी. चावी तिच्या चुकीने सुटली. पण कपाळ मी आणून दिलं होतं, आणि घाईही मीच केली होती.

तिने चष्मा काढला, मला बघून दचकली.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. "मी चुकीच्या जागी उभा होतो ते?"

तिने चष्मा टेबलावर ठेवला. "हो, सर."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"टाके पडलेल्या माणसाला काय सांगायचं, सर?"

मी तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याची माफी मागितलेली नाही. कशी मागतात ते ठाऊकही नव्हतं. म्हणून जसं आलं तसं बोललो. "चुकलं माझं. उभा राहिलो ते चुकलं, आटप आटप केलं ते चुकलं. आणि मासळीवरून बोललो ते तर तोंड फोडून घ्यावं असं होतं." ती मान खाली घालून रडली. मीही रडलो, आता लपवायला चष्मा नव्हता. तरुण सर दारात येऊन आल्या पावली परत गेले. मऊ माणूस, म्हटलं ना.

सत्र संपायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅच वर्कशॉपमध्ये आली. माझा जुना लेथ, खरा, तेलकट, एका बाजूने रंग उडालेला. ती पट्ट्यापाशी आली. मी ओठ मिटूनच ठेवले होते. तिने पट्टा ओलांडला. दांडा चकमध्ये धरला, आवळला, चावी काढली, खुंटीला लावली. हात लावून पुन्हा बघितली. मग बटणापाशी बोट नेलं आणि थांबली.  आता ही वळून जाणार, असं वाटलं. देवा, नको, असं मी मनात म्हटलं, आणि मी काही देवाला मधे घेणारा माणूस नव्हे.

"हात वर," ती म्हणाली. ओरडली नाही. कसंबसं म्हणाली.

दोघंतिघं फिसकन हसली. मी हात वर केला. मला बघून त्यांचं हसू जिरलं, आणि मग एकेकाने करत सगळ्या बॅचचे हात वर गेले.  ती मान वळवून मोजत होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओठ हलवत, तिचे बाबा मोजत असतील तशी. मोजून झाल्यावर बटण दाबेल म्हणून आम्ही वाट बघत होतो. तिने दाबलं नाही.

"सर," ती म्हणाली. "एक हात कमी आहे."

मी खाली बघितलं. माझा उजवा हात वर होता. डावं कोपर मशीनच्या डोक्यावर टेकलेलं होतं.

मी कोपर उचललं, दोन पावलं मागे सरलो आणि दोन्ही हात वर केले. तिने पुन्हा पहिल्यापासून सगळे हात मोजले. मग बटण दाबलं.